पंचवीस पूर्ण होईपर्यंत

प्रिय सुकरू,

आज ग्रामसभेत माय तुझ्यासाठी अख्ख्या गावाशी भांडली. तू असतास तर पुढे बसून टाळ्या पिटल्या असत्यास! घरी आल्यापासून ती चुलीपुढे गप्प बसून आहे. मग मी बोलू कोणाशी? म्हणून तुलाच लिहायला बसले.

तुला जाऊन वर्ष होत आलं. मोहाची फुलं पुन्हा गळायला लागलीत. टोपल्या घेऊन आता मी आणि माय दोघीच जातो. नाल्याकाठचं तुझं झाड यंदा इतकं बहरलंय की वेचता वेचता कंबर मोडते. कंबर धरून सावलीत लोळणारा तूच ना रे, लबाडा?

गेल्या वर्षी याच दिवसांत तू ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून घरी आला होतास. वादविवाद स्पर्धेचा विषय होता, दारू पिण्याचं कायदेशीर वय कमी करावं का. अंगणात मोह वाळत घातलेला आणि तू सूप हातात धरून आम्हा दोघींना भाषण ठोकत होतास. अठराव्या वर्षी मत देता येतं, एकविसाव्या वर्षी लग्न करता येतं, बिअरसुद्धा चालते, मग दारूलाच पंचवीस कशाला?

माय मोह निवडता निवडता म्हणाली होती, "आपल्यात त पूजेत लहान लेकराच्याबी ओठाले थेंब लावतेत. आधी देवाले, मंग म्हाताऱ्याच्या हातानं, पानावर, एकच घोट. तरी काऊन नाई बिघडत आपली लेकरं? हात कोनाचा हाय, ते सांग त्यायले."

तेच तू सांगितलंस आणि पहिलं बक्षीस मारलंस! ती ढाल अजून फळीवर आहे. माय रोज पुसते.

आणि त्याच आनंदात हे काय करून बसलास? आपल्या गडचिरोलीत बंदी, पण नदीपलीकडे बार उघडेच. भिंतीवर पंचवीस वर्षांची पाटी लावलेली होती म्हणे, तुझ्या मित्रानेच सांगितलं. ती तुम्हाला वाचता येत होती, बारवाल्यालाही येत होती. तरी एकोणीस वर्षांच्या पोराला कोणी काही विचारलं नाही. एवढा बोलणारा तू, समोर ग्लास भरणारा हात कोणाचा होता, ते तेव्हा कसं रे आठवलं नाही? वैनगंगेचा पूल यायच्या आत, वळणावर तुझी गाडी रस्ता सोडून गेली. मागे बसलेला तो मित्र वाचला, तू नाही.

मला तुझा राग येतो, सुकरू. अजून येतो. तुझं भाषण चुकीचं असतं तर निदान तुझ्याशी भांडता तरी आलं असतं.

आज तुझ्या पूजेचा दिवस ठरवायचा होता. आपली रीत तुला ठाऊकच आहे. गेलेल्याला वर्षाने पितरांत मिळवायचं, पानाच्या दोन्यातून मोहाची दारू त्याच्या नावाने जमिनीवर सोडायची. त्याशिवाय पितर त्याला आत घेत नाहीत. सगळ्या पूजा करणारे आपले भूमिया, डोलूकाका, सहज म्हणाले, "पोराची दारू कोनाच्या घरी काढाची?"

माय उभी राहिली.

"माह्या पोराले दारू नाई द्याची. त्याले पंचवीस झाले नाईत."

मागून कोणीतरी हसलं. काका समजावू लागले, "बाई, तो सरकारचा कायदा हाय. पितरायले कायदा लागते का? अन् मेल्या मानसाचं वय कोन मोजते?"

"मी मोजून राह्यली ना! माय हाय मी त्याची!"

"दारू नाई सोडली त पोरगा दारातच राहन, बाई. तिकडं त्याचा बाप वाट पाहून राह्यला."

"माह्याच दारात राहन ना? भात वाढीन त्याले. पंचवीस होऊ द्या, मंग मी माह्या हातानं देईन. त्याच्या बापाले म्हना, थांब तवरी. मले ओळखते तो. थांबन."

बाबांचं नाव निघाल्यावर काकांनी खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांना लावला. तुझी पूजा तू पंचवीसचा होईपर्यंत पुढे ढकलली. मग पूजेतल्या, जिवंत पोरांच्या वाट्याच्या घोटाचं काय, यावर नुसता कल्ला झाला. बाया म्हणाल्या, पंचवीसपर्यंत तोही बंद करा. म्हातारे म्हणाले, आमच्या हातावर भरवसा नाही का? निकाल काही लागला नाही. तू दोन्ही बाजूंनी बोलला असतास, आणि दोन्हीकडून जिंकला असतास!

येताना मी मायला म्हणणार होते, असं तुला अडकवून ठेवू नये. नाही म्हणवलं. दाराशी येऊन ती थबकली, थोडी बाजूला सरकली आणि मग आत गेली. कोणाला तरी धक्का लागेल म्हणून सरकावं तशी. माझं रडू आवरेना, रे!

तर माझा शब्द घे. दर वर्षी पहिला मोह भाजून, तीळ घालून, तुला आवडतो तसा उंबऱ्यावर ठेवीन. पंचवीसचा होशील त्या वर्षी दोना मी मायच्या हातात देईन, आणि तिच्या हाताखाली माझा हात धरीन. तेव्हा खुशाल बाबांकडे जा. अडवणार नाही.

पण तोवर कुठे जाऊ नकोस. मायने आत्ताच तिसरं ताट घेतलंय.

तुझी,
अक्का