घरच्या पत्त्याला सूट

सोमवार, ३ सप्टेंबर २००७
पन्नाशीत नवी नोकरी! मीरा रोडच्या साप्ताहिकात वार्ताहर झालो. संस्कृतवाला माणूस शिस्तीचा, या गोड समजुतीनं संपादक यतीनभाईंनी ऑफिसचा मेल सर्व्हरही गळ्यात मारला. बायकोनं, शुभदेनं, डब्यात शिरा दिला, बेदाणे मोजून सात. पूनम सागरमधल्या आमच्या घरून ऑफिस चालत दहा मिनिटं. सुखच आहे.

बुधवार, ५
सर्व्हरवर कुठले कुठले लोक दिवसभर नावं आणि पासवर्ड ठोकून बघतात. आज उपाय केला. येणाऱ्याच्या कॉम्प्युटरचा आकडी पत्ता इंटरनेटवरच्या एका काळ्या यादीला विचारायचा, तोही आकडे उलटे लावून. उलटंही वाचता येणाऱ्या विलोमकाव्याची आठवण झाली. पत्ता यादीत असला की पासवर्ड न ऐकताच हाकलायचं. संध्याकाळपर्यंत चारशे हाकलले. यतीनभाई म्हणाले, पंडितजी, तुम्ही तर आमच्या वॉचमनपेक्षा भारी.

सोमवार, १०
यादीत आज आमच्या घरचाच पत्ता! तिथून नव्वद प्रयत्न, सगळे माझ्या नावावर. शुभदेला फोन केला. म्हणाली, कॉम्प्युटरवर तुमचा टॉवेल वाळतोय, मी कशाला पासवर्ड घालू, इथे डोसे घालतेय. यादीच चुकली असणार. घरच्या पत्त्याला सूट दिली. बायकोला काळ्या यादीत ठेवण्याइतका मी धीट नाही.

मंगळवार, ११
११.४० ला लॉगिन झालं. माझ्या नावानं, घरून. मी इथे चहा पीत होतो.
पासवर्ड बदलला. तोही त्या घरून शिरणाऱ्याला पहिल्याच फटक्यात आला. कुठे लिहिला नव्हता. फक्त मनात —

बुधवार, १२
सूट काढायला गेलो. परवानगी नाही.
यादीला विचारलं. घरचा पत्ता आता स्वच्छ. यादीत माझ्या ऑफिसच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा.
यतीनभाईंनी अदबीनं विचारलं, आपलं काय काम? पंडितजी आजपासून घरूनच काम करतायत, सकाळीच मेल आलाय.
वही उचलली, घरी निघालो.

दुपारी
घराला माझी किल्ली लागत नाही. शुभदा जाळीच्या दाराशी आली. सेल्समन असाल तर नको, म्हणाली. मी तिला नावानं हाक मारली. तिनं आत वळून सांगितलं, अहो, कुणीतरी आलंय.
आतला की-बोर्ड थांबला.

जिन्यात. वही गुडघ्यावर.
तिनं जाळीतून विचारलं, खरंच आमचे हे असाल तर पहिल्या दिवशी डब्यात काय होतं?
मी तोंड उघडलं. आतून माझाच आवाज — ऐकूच नकोस गं, तो यादीत आहे.
तिनं दार लावलं.
शिरा होता, शुभदा. बेदाणे सात. मला माहीत आहे, मी —