रागाचा रकाना

३ मार्च
डॉक्टर म्हणतात, पोटात जंतू. अल्सर व्हायच्या बेतात. चौदा दिवस रोज मूठभर गोळ्या. माझ्या पोटात जंतू! भाजी तीन पाण्यांतून काढणारी बाई मी! नणंदबाई लॅबमध्ये कामाला, त्यांनीच तपासायला लावलं. आता गार वाटलं असेल. गोळ्या घेणार नाही. कलौंजीच्या बिया कुटून मधातून, रोज चमचाभर. देवापुढे शब्द दिला: चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी, जंतू निघाले तर मुकाट्याने गोळ्या. निघणार नाहीतच.

४ मार्च
प्रयोग चोख हवा. मॅट्रिकला गणितात पहिली होते मी. हिशेबाच्या वहीत दोन रकाने आखले: जंतूंचं दुखणं, रागाचं दुखणं. राग आला की माझं पोट पेटतंच. ते बियांच्या माथी कशाला?

७ मार्च
जेवल्यावर दुखलं. हे म्हणाले होते, आमटीत मीठ कमी. राग.

९ मार्च, दुपारी ३
कळ आली. घरात चिटपाखरू नाही. कोणाचा राग आलाय, बसून आठवलं. सापडलं! बावीस वर्षांपूर्वी नणंदबाई माझ्या आवाजाला भोंगा म्हणाल्या होत्या. राग.

१२ मार्च
नणंदबाईंचा फोन. वहिनी, हट्ट सोडा, पोट तुमचंच आहे म्हणे. फोन आपटला. मग हे विचारतात, अगं, सकाळची उलटी कुठे लिहिलीस? विचारलं म्हणून राग आला, तिथेच लिहिली. जंतूंचा रकाना कोरा करकरीत. देव पाठीशी आहे.

१७ मार्च
पिशवीत फुंकून तपासणी झाली, श्वासावरून पोटातले जंतू कळतात म्हणे. पुरावा म्हणून वही नेली होती. डॉक्टर पानं उलटत म्हणाले, ताई, चौदा दिवसांत एकोणतीस वेळा राग? मी म्हटलं, आमच्या घरची माणसं पाहिली नाहीत तुम्ही.
जंतू आहेत. मशीन बिघडलेलं असणार. पण शब्द देवाला दिलाय, मशीनला नाही.

१८ मार्च
गोळ्या सुरू. तोंड कडूजहर. राग.

२६ मार्च, संध्याकाळी
नणंदबाई सकाळपासून ठाण मांडून आहेत. माझं कपाट लावून दिलं, न सांगता. भोंग्याचा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला. हेसुद्धा हसले. तरी मी दोन्ही वेळा पोटभर जेवले.
वही उघडून बसलेय. राग आलाय, पार मस्तकात गेलाय. पोट मात्र जराही दुखत नाही.
काय लिहू?