आईच्या अंगातले आप्पा

आप्पा, आईच्या अंगावर पुरळ उठलंय. परवा सकाळी आधी तळहात लाल झाले, मग कानांच्या पाळ्या, मग मान, आणि दुपारपर्यंत पाठीवर असे लाल पट्टे उमटले की मला एकदम तुम्ही आठवलात. तिच्या पाठीवर असले पट्टे मी याआधी फक्त तुमच्या हातचे पाहिलेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही मला धड आठवत नाही. पण ते पट्टे आठवतात, आणि त्यांवर हळद लावून घेताना आई ओठ कसे घट्ट मिटून घ्यायची ते आठवतं. या खेपेला नवल एवढंच की पट्टे बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि डोळ्यांत थोडी आशाही आली. असं का, ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण यात तुम्ही आहात.

आईला रक्ताचा कॅन्सर झाला. तुम्हाला कळेल असं सांगायचं तर हाडांतला मगज नासला. जिथं चांगलं रक्त तयार व्हायचं तिथं कच्च्या, नुसत्याच वाढत सुटलेल्या पेशी भरल्या. मी पुण्यात याच आजारावर काम करते, आप्पा. अंगात राखणदार पेशी असतात, त्यांना हा चोर ओळखून मारायला कसं शिकवायचं, हे माझं संशोधन. कितीतरी वर्षं मी परक्या लोकांचं रक्त काचेखाली बघत आले, आणि एक दिवस लोहाऱ्याहून मामाचा फोन आला. “आक्का उभ्या उभ्या पडायलीय, हिरड्यांतनं रगत येतंय. तू ये.” मी आले. हिरड्या बघितल्या, दंडावरचे काळेनिळे डाग बघितले, आणि तपासणीआधीच मला कळलं. तेव्हा माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी मामाच्या दारातली पाण्याची घागर लाथेनं उडवली. मामा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, “अगदी दाजी दिसलीस बघ.” त्याचाही मला राग आला.

औषधांनी आजार मागं हटला, पण तो दबा धरून बसतो. उपाय एकच. तिचा मगज औषधांनी पार जाळून टाकायचा आणि दुसऱ्याच्या मूळपेशी तिच्या अंगात सोडायच्या, म्हणजे तिथं नवं रक्त उगवतं. मामा जुळला नाही. परक्यांत शोधलं, तिथंही कुणी सापडलं नाही. राहिले मी. लेकरू आईशी निम्मंच जुळतं, कारण निम्मं ते बापाचं असतं. निम्म्यावरही हल्ली काम भागवता येतं, पण जोखीम मोठी. माझ्या पाठचा भाऊ असता तर निदान दोघांतलं एक निवडता आलं असतं. तो का नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी आज मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार, कारण आता तुम्हाला उठून जाता येत नाही.

मी लहान आहे, ढोकीच्या शिवारात ऊस तुटून गेलेल्या रानात आपला तळ पडलाय. खतासाठी मेंढ्या बसवल्यात. दिवस मावळतो, जाळीचं कुंपण अजून ओढायचंय, तोच लांडगा आत घुसतो. एक मेंढी आणि दुसऱ्या मेंढीचं कोकरू तो फाडतो, तेवढ्यात तुम्ही पोचता. तो तुमचा डावा हात धरतो. तुम्ही हात सोडवत नाही, उलट त्याच्या जबड्यात आणखी खुपसता आणि उजव्या हातानं कुऱ्हाड घालता, त्याचं डोकं फुटेपर्यंत. कोपरापासून रक्त गळतंय आणि तुम्ही हसताय. मी टाळ्या वाजवल्या होत्या, आप्पा. सगळ्या मुलखात माझ्या बापासारखा बाप नाही असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आईवेगळं कोकरू होतं आणि एक कोकरू गमावलेली मेंढी. तुम्ही मेलेल्या कोकराचं कातडं सोललंत. ते पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचं, म्हणजे मेंढी हुंगते, आपलंच समजते आणि दूध देते. ही तुमची विद्या होती. कातडं आईच्या हातात देऊन तुम्ही हाताला पाला बांधायला गेलात. आईला वाटलं, याला लांडग्याच्या तोंडाचा वास असणार, मेंढी बिचकेल. म्हणून तिनं ते पाटाच्या पाण्यात स्वच्छ धुतलं. लांडग्याचा वास गेला आणि कोकराचाही गेला. मेंढीनं हुंगलं, तिला काहीच ओळखीचं लागलं नाही, आणि तिनं त्या कोकराला दगडावर अशी धडक दिली की ते उठलंच नाही.

मग तुम्ही उठलात. कुऱ्हाडीच्या दांड्यानं सुरुवात केलीत आणि दांडा निसटल्यावर पायांनी. आई पोटुशी होती. ती पोट धरून उसाच्या बुडख्यांत पडली होती आणि मी तुमच्या त्या फाडलेल्या हाताला लोंबकळून ओरडत होते, “आप्पा, मारू नगा! आप्पा, मारू नगा!” तुम्ही मला झटकलंत. आदल्या दिवशी लांडग्याला मारणारा हात तोच होता, आणि बाप तोच होता. आईखालचं पाचट लाल झालं तेव्हा तुम्ही थांबलात. संध्याकाळी रानाच्या कडेला एक छोटा खड्डा काढलात. पुढं त्याच ढोकीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली कळपात घुसली, तुम्ही ड्रायव्हरला खाली ओढायला चालत्या ट्रॅक्टरवर चढलात आणि चाकाखाली गेलात. आईनं कळप मामाच्या हवाली केला आणि मला शाळेत घातलं. मी रडले नाही. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, ही दगड आहे.

आता रक्ताकडं येते. मूळपेशी देण्याआधी आईचं रक्त माझ्या रक्तापुढं धरून बघतात. तो निकाल माझ्याच ओळखीच्या प्रयोगशाळेतून आला. आईच्या रक्तात हत्यारं होती, आप्पा. तुमच्याविरुद्धची. बाई गरोदर राहते तेव्हा पोटातल्या लेकराचं बापाकडून आलेलं निम्मं तिच्या अंगाला परकं असतं. काहींचं अंग त्याच्याविरुद्ध हत्यारं घडवतं आणि लेकरू मोठं झालं तरी ती जपून ठेवतं. तुमच्यासमोर मान वर न करणाऱ्या त्या बाईनं ती इतकी वर्षं परजून ठेवली होती. मी तिला सांगितलं तेव्हा तिनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “म्हंजी म्या तोंडानं कधी उलटून बोलले न्हाय, पर रगत बोलत हुतं व्हय?” आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की नर्स बघायला आली.

पण त्यात घात होता. ही हत्यारं माझ्या पेशींना दारातच मारणार, त्या मेंढीनं कोकराला मारलं तसं. म्हणून यंत्र लावून आईचं रक्त दिवसाआड बाहेर काढायचं, त्यातलं हत्यारांचं पाणी गाळून टाकायचं आणि उरलेलं परत आत सोडायचं. मी समजावून सांगत होते तर ती म्हणाली, “धू बाई. तवा धुतलं म्हणून कोकरू मेलं. आता धुतल्यानं जगू दे.” तोवर मला वाटत होतं, तो दिवस तिनं मनावेगळा केलाय.

मग मगज जाळला. ते मी कितीही वेळा पाहिलेलं असलं तरी आपल्या आईचं बघणं वेगळं. तोंडापासून पोटापर्यंत आतली साल निघाली. रक्ताच्या उलट्या, ताप, उशीवर केसांचे पुंजके. जीभ सुजलेली, तरी तिनं एकदा मला खुणेनं जवळ बोलावलं आणि म्हणाली, “ह्याच्यापरीस तुझ्या बापाचा मार बरा. मधी मधी दम तरी खायाचा त्यो.” मी बाहेर जाऊन भिंतीवर मूठ आपटली. दुसऱ्या दिवशी माझ्या दंडातून काढलेल्या मूळपेशींची लालसर पिशवी तिच्या नळीला लावली. ती थेंब थेंब आत जाताना मी बघत होते. निम्मी मी तिची. निम्मे तुम्ही, गेलात एकदाचे आत.

रक्त उगवलं. आम्ही पेढे वाटायच्याच बेतात होतो, आणि तपासणीत आजाराचा बारीकसा अंश परत दिसला. नव्या पेशींनी अंगात दंगा करू नये म्हणून आई सकाळ-संध्याकाळ एक गोळी घेत होती. डॉक्टर म्हणाले, गोळी कमी करू, पेशींना मोकळं सोडू, त्या आजाराला मारतील. पण दावं सुटलं की त्या आजारावर थांबतीलच असं नाही. कातडी, आतडी, यकृत, दिसेल त्यावर तुटून पडतील. माझ्यात आईचं निम्मंच आलंय. उरलेल्या जागेवर तुम्ही बसलात, म्हणून माझ्या पेशींना ती निम्मी परकीच वाटते. पेशींना राग नसतो, लोभ नसतो, हे मीच माझ्या विद्यार्थ्यांना बजावत असते. तरी सहीचा कागद आईपुढं ठेवण्याआधी मी तो दोनदा मागं ओढला. आईनं विचारलं, “म्हंजी लांडगा मारायला तुझ्या बापाला सोडायचं, आन् त्यो माझ्याकडं वळला तर?” मी म्हणाले, “तर परत बांधायचं.” तिनं अंगठा पुढं केला.

आणि परवा पट्टे उठले. तुम्ही वळलात, पण वळलात म्हणजे जागे झालात, आजारावरही तुटून पडला असणार, म्हणून डॉक्टरांना आशा. लगेच औषध वाढवलं, तुम्हाला पुन्हा दाव्याला घेतलं. आज लाली उतरतेय. दुपारी निकाल आला. त्यात आजाराचा मागमूस नाही. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही, यात कुणीच सांगू शकत नाही, पण आजच्या घटकेला लांडगा मेलाय. आईला सांगितलं तर तिनं देवाचं नावही घेतलं नाही. वाढवलेली गोळी तळहातावर घेतली, छातीकडं बघून म्हणाली, “बास झालं. बसा खाली,” आणि गिळून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तुम्हाला हुकूम सोडला आणि तुम्ही तो ऐकलात. रात्रीच्या गोळीलाही ती तसंच म्हणाली, आणि वॉर्डातल्या बायांनी विचारलं, मावशी कुणाशी बोलताय.

तुम्हाला माफ केलं म्हणून हे लिहीत नाही. रानाच्या कडेच्या त्या खड्ड्याला माफी नाही. हे कागद पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायचं धाडस नाही, तेव्हा ते माझ्याच पिशवीत राहतील. फक्त एक गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी. गोळी कमी केली त्या संध्याकाळी आईला डोळा लागला होता. मी तिचा दंड हातात घेतला, सुई टोचून काळा पडला होता तिथं तोंड नेलं, आणि ज्या तोंडानं ढोकीच्या रानात घसा फुटेस्तोवर ओरडले होते त्याच तोंडानं हळूच म्हणाले, “आप्पा, मारा.”