नासिरला किल्ल्यातच ठेव

११ ऑगस्ट २००३
"नासिर मेला!" मी ओरडले आणि अम्मी हातात अर्धा कापलेला बांगडा घेऊन धावत आली. पांढरीफटक! मी घाईघाईने कॉम्प्युटर दाखवला — अगं, खेळातला तिरंदाज! आपला नासिर जहाजावर आहे. जाताना हा लढाईचा खेळ माझ्या या भावानेच घालून दिला. शिपायांना घरच्यांची नावं द्यायची हीसुद्धा त्याचीच आयडिया.
"आदी जित्ता कर त्याला!"
या खेळात मेलेला परत येत नाही. कायमचा जातो. पण लढाईआधी जपून ठेवलेला डाव, म्हणजे सेव्ह, होता; तो उघडला. नासिर उभा! अम्मी तिथेच खाली बसली, छाती चोळत. वात आहे म्हणे.

१३ ऑगस्ट
अम्मी आता रोज शेजारी येऊन बसते. "नासिरला किल्ल्यातच ठेव." मग बाकीच्यांनी मरायचं? "मरूंदे!" हसू आलं. नासिर तिथे नुसता बसून असतो — सुट्टीत घरी असतो तसाच.

१९ ऑगस्ट
नासिरचा फोन नाही. पुढच्या बंदरातून करणार होता. अम्मीचा डावा हात दुखतोय. डॉक्टरकडे चल म्हटलं तर "त्याचा फोन येऊंदे गो, मग बगू." मला कसली तरी भीती वाटते. कसली ते कळत नाही.

२२ ऑगस्ट
शत्रू किल्ल्यात शिरले. नासिर कोपऱ्यात सापडला. जखमा बऱ्या करणारी शरीफा त्याच्या पुढ्यात उभी राहिली — शरीफा म्हणजे अम्मीचं नाव — आणि पडली. मी जुना सेव्ह उघडायला गेले, तर अम्मीने हात धरला.
"परत खेललीस नि नासिरच मेला तर? ऱ्हाऊंदे. माजा काय घेऊन बसलीस!"
तिच्यासमोरच जुन्यावर नवा सेव्ह केला; जुना पुसला गेला.
संध्याकाळी फोन! नासिर सुखरूप! अम्मी रडली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बग!" डॉक्टरकडे उद्या सकाळी नक्की जाणार आहे.

२६ ऑगस्ट
नासिर विमानाने आला. अम्मीचं दफन तोवर झालं होतं. कबरीवर जाऊन आला आणि कॉम्प्युटरसमोर बसला. शिपायांत शरीफा शोधत राहिला.
"इकरा, जुना सेव्ह हाय ना गो?"
नाही.