आत्या, तुझा 'आधी'चा फोटो

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार नुसता लिहिण्यापुरता नाही. कंबर धरल्यामुळे मी हे पत्र खरोखरच पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा अक्षराभोवती लाल शाईने गोल करू नयेस.) तुझा डावा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? चष्म्याचा नंबर वाढला असला तर नवा करायची घाई नको, आहे तसं अंधुक दिसलेलं बरं. आणि या आठवड्यात फोन शक्यतो उचलू नकोस. फोनच्या घंटीने रक्तदाब वाढतो असं मी कुठेतरी वाचलं आहे. कुठे ते विचारू नकोस.

मागच्या खेपेला तू स्टुडिओत आलीस तेव्हा गिऱ्हाइकांच्या बाकावरून बोट फिरवलंस, धुळीचं बोट माझ्या नाकासमोर धरलंस आणि म्हणालीस की, तुझ्या बाबांच्या आठवणीसाठी मी हा गाळा इतकी वर्षं ठेवला, पण वर्षभरात या बाकावर माणसं दिसली नाहीत तर शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला देऊन टाकीन. तो ते ऐकत दारातच उभा होता. तेव्हापासून तो रोज येतो, भिंतीकडे बघतो आणि मनातल्या मनात तिथे सँडल मांडतो. म्हणून मी वेबसाइट नव्याने करायला घेतली. जुनी मीच केली होती हे तुला ठाऊक आहे. ती उघडली की बासरी वाजायची आणि बंद करायचं बटण कुणालाच सापडायचं नाही (मलाही नाही). पहिल्याच पानावर मी माझे उत्तमोत्तम पासपोर्ट फोटो रांगेने लावले होते. एका सद्गृहस्थाने फोन करून कळवलं की, वरच्या रांगेतल्या हरवलेल्या इसमाला त्याने बसस्टॉपवर पाहिलं आहे. नकाशावर आमच्या पत्त्याची खूण गुरांच्या दवाखान्यावर पडलेली होती. आमची गिऱ्हाइकं तिकडे गेली. त्यांची गुरं इकडे आली असती तर त्यांचे तरी फोटो काढले असते, पण तेही नशिबात नव्हतं.

नवा वेबसाइटवाला हुशार आहे, फक्त तो आजार सांगणाऱ्या डॉक्टरासारखा बोलतो. त्याने बासरी काढली, हरवलेले इसम काढले आणि म्हणाला, तुमची खासियत काय? मी म्हटलं, चेहरा दुरुस्त करणं. मग म्हणाला, 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो लावू, मध्ये उभी पट्टी, ती बोटाने सरकवली की माणूस सुधारत जाईल. कल्पना झकास. पण आत्या, 'नंतर'चा फोटो लोक दिवाणखान्यात लावतात आणि 'आधी'चा बायकोलासुद्धा दाखवत नाहीत. ज्या ज्या गिऱ्हाइकाला विचारलं, त्याने आपण माझ्याकडे कधी आलोच नाही असं सांगितलं. शेवटी तुझ्या भाचेसुनेने तोड काढली (तिने काढली, मी नाही, हे ध्यानात असू दे) की, जन्मात इंटरनेट न बघणारं घरातलंच कुणीतरी लाव. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नाव कुणीच घेतलं नाही.

तू मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीस तेव्हा शाळेच्या सभागृहात लावायला फोटो काढून घ्यायला आली होतीस, ते आठवतं? मी स्टुलावर चढून तुझ्यामागचा ढगांचा पडदा सरळ करत होतो, स्टूल कलंडलं, मी पडद्यासकट खाली आलो आणि हातातलं कॅमेऱ्याचं बटण अंगाखाली दाबलेलंच राहिलं. तू वळून बघितलंस, पुन्हा कॅमेऱ्याकडे तोंड केलंस आणि हसलीस. आत्या, तू हसलीस! दात दिसले, अंबाडा सुटला, चष्मा गालावर आला. कॅमेऱ्याने ते सगळं टिपलं. नंतरच्या प्रत्येक फोटोत तू ओठ घट्ट मिटलेस आणि रागाने डोळेही मिटलेस. म्हणून शाळेत जो फोटो लागला आहे त्यातले ओठ एका फोटोतले आहेत आणि डोळे त्या हसऱ्या फोटोतले. (सभागृहात तू एकाच वेळी चिडलेली आणि खूश दिसतेस असं मुलं म्हणतात, ते यामुळे.)

तर तीच जोडी, 'आधी' तो हसरा आणि 'नंतर' शाळेतला, वेबसाइटवर लागली. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, की फोनवर ती पट्टी 'आधी'वरच अडकली. म्हणजे वेबसाइट उघडली की पडदाभर तू खदाखदा हसतेस, आणि खाली मोठ्या अक्षरात, 'असे चेहरे आम्ही दुरुस्त करून देतो.' हे पहिल्यांदा बघितलं तुझ्या एका विद्यार्थ्याने, जो आता दाताचा डॉक्टर आहे. त्याने 'बाई हसल्या' एवढेच दोन शब्द लिहून तुझ्या झाडून सगळ्या विद्यार्थ्यांना तो फोटो पाठवला. पहिला फोन आला तेव्हा मी आनंदाने भाव सांगायला लागलो, तर पलीकडचा मध्यमवयीन माणूस दबक्या आवाजात विचारत होता, खरंच त्या बाईच आहेत का?

आणि आत्या, गिऱ्हाइकं आली. बाक पुरत नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, ज्याने बाईंना हसवलं तो आमच्या आजोबांना हसवणारच. आता मला विनोद कुठे सांगता येतात? मला येतं ते फक्त पडायला. म्हणून मी पडतो. आजोबा बसले की मी स्टुलावर चढतो, पडदा धरतो आणि खाली येतो. भाचेसुनेने मागे गादी घातली आहे, पण पडद्याला ते कळत नाही, तो मला घेऊन भलतीकडेच जातो. परवा एक आजीबाई म्हणाल्या, जरा मनापासून पड रे. पडलो तरी नाक वर ठेवायची आपल्या घराण्याची रीत मी पाळली, कंबर मात्र खालीच राहिली.

बाकी सगळं ठीक. मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण तुझ्यापेक्षा मोठं आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा तोही तूच ठेवून घे.

तुझा (पालथा) भाचा

ता. क. तुझा जुना कमरेचा पट्टा पाठवून दे. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा : चपलांचा दुकानदार काल टेप घेऊन भिंत मोजायला आला होता. नेमका तेव्हाच मी एका गिऱ्हाइकासाठी पडलो. तो हसत हसत खाली बसला तो उठेना. जाताना आपल्या आईच्या फोटोची वेळ ठरवून गेला. टेप इथेच विसरला आहे. परत मागितलेली नाही.

ता. क. तिसरा : पट्टा नाही पाठवलास तरी चालेल, खरं मागणं हे आहे. ती पट्टी अडकलेली नाही. वेबसाइटवाल्याने ती केव्हाच दुरुस्त केली होती, मीच पुन्हा 'आधी'वर नेऊन ठेवायला लावली. खालची ओळ तेवढी काढून टाकली आहे. बाबा जन्मभर कॅमेऱ्यामागे उभे राहिले, त्यांचा हसरा फोटो आपल्याकडे एकही नाही. पण तू हसलीस की तुझा डावा डोळा त्यांच्यासारखा बारीक होतो, आणि पुढचा दात तस्साच दातावर चढलेला. रोज शटर वर केलं की मी आधी तो फोटो बघतो आणि मग गिऱ्हाईक. गाळा चपलांना दिलास तरी चालेल (चालणार नाही), पण तो फोटो काढ म्हणू नकोस.