गाजराच्या पट्ट्या

बुधवार, १२ डिसेंबर १९७३. सायंकाळचे सात वाजून दहा मिनिटे. हात दोनदा धुतले, तरी बोटांचा धुराचा वास जात नाही.

भूपालची सुट्टी परवा संपते. पलटणीत तो बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाच्या खारवून धुरी दिलेल्या पट्ट्या, खायला शिकला आणि घरी येऊन काकूंना, त्याच्या आईला, खरं सांगून बसला. जैनाचं घर. महिनाभर काकू त्याचं ताट बाहेरच्या सोप्यात वाढतात. मांस सोडायचा नेम घे म्हणतात. तो म्हणतो, चव सुटत नाही, खोटा नेम कसा घेऊ?

म्हणून मी गाजराच्या पातळ पट्ट्या केल्या. मीठ, गूळ, तिखट लावून उसाच्या चिपाडांवर धुरी दिली, तेलात परतल्या. भूपालने एक खाल्ली. "लय जवळ आलंय, गड्या. ह्यावर भागंल माझं."

मी हरखून ताटली काकूंपुढे नेली.

"कशाचं रं हे?"

"गाजराचं, काकू."

"कंदमूळ? आमच्यात चालतंय व्हय ते?"

लहानपणापासून त्या घरात जेवतो, तिथे बटाटासुद्धा कधी पाहिला नाही. मीठ तोळ्यावर मोजलं आणि एवढं कसं विसरलो? भूपालही विसरला.

चपला घालत होतो, तेव्हा काकू दारात आल्या. हातात दोन कच्ची केळी.

"ह्याचं हुतंय का बघ. तुझी सुरी नगं, आमची घे. आमच्याच चुलीवर कर."

उद्या सकाळी चिपाडं घेऊन जायचं आहे. भूपालचं ताटही आत घेणार का, हे विचारायचा धीर झाला नाही.

बोटांना अजून वास आहे.