‘गेले’, एवढंच म्हणाले

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दीपेश सांगून गेला — आधी भिंतींवरच्या चिठ्ठ्या काढा. मग रंग, मग स्वयंपाकघरातला गळका नळ. घर बघायला आलेला माणूस दारातच ठरवतो म्हणे, घ्यायचं की नाही. तिसरीला माझ्या वर्गात होता हा. आता घरं विकून देतो. अजून ‘बाई’च म्हणतो, आणि बस म्हटल्याशिवाय बसत नाही.

सध्या बाजार थंड आहे म्हणाला. लोक येतात, फोटो काढतात, विचार करून सांगतो म्हणतात. काल्हेरला नव्या इमारती झाल्यात, लिफ्टवाल्या. आपला दुसरा मजला, लिफ्ट नाही, धामणकर नाक्याचे हॉर्न दिवसभर. आणि घरातला माणूस बेपत्ता. हे शेवटचं तो बोलला नाही. फरशीकडे बघत राहिला.

दिनाला नाशिकला फोन केला, घर विकलं की तिच्याकडेच जायचंय. चिठ्ठ्या काढतेय म्हटलं. लेक म्हणाली, काढ.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काढल्या. पहिलीच्या मुलांसाठी फळ्यावर लिहायचे तशाच मोठ्या अक्षरात लिहिल्या होत्या. यांचं विसरणं वाढलं तेव्हा. आधी चाव्या विसरायचे, मग घराचा रस्ता, मग दिनाचं नाव. जन्मभर पॉवरलूमच्या कारखान्यात फिटर — नुसत्या आवाजावरून सांगायचे, कुठला लूम बिघडलाय. तोच माणूस संडासाचं दार शोधत घरभर फिरायचा.

‘संडास.’ ‘गॅसला हात लावू नका.’ ‘ही सकाळची गोळी.’ आरशाशेजारी — ‘मी द्रौपदी. तुमची बायको.’

दारावरची निघेना. ‘बाहेर जायचं असेल तर मला हाक मारा.’ चिकटपट्टी लाकडात मुरली होती. सुरीने खरवडली. बोटाला लागलं ते भांडी घासताना कळलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रंगारी आला. साहब नहीं हैं क्या, म्हणाला. बाहर गए हैं, म्हटलं. पाच वर्षं होतील फेब्रुवारीत. उत्तर हेच.

रंग कुठला ते त्याने विचारलं. दीपेशला विचार म्हटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रंगाचा वास. जेवले नाही. दुपारभर झोपले.

रविवार, १६ नोव्हेंबर

पहिली माणसं आली. पडघ्याकडचं कुटुंब — नवरा, बायको, आणि नवऱ्याचे वडील. घर आवडलं त्यांना. बाईने स्वयंपाकघरातले कप्पे उघडून पाहिले. मग म्हाताऱ्यांनी विचारलं, घरात कोण कोण असतं. मी सरळ सांगितलं. मालक हरवले, सगळं विसरायला लागले होते, पोलिसांत नोंद आहे, सापडले नाहीत.

दीपेश लगेच मध्ये पडला. घर बाईंच्या एकटीच्या नावावर, त्यांच्या पगारातून घेतलेलं, कागद स्वच्छ.

म्हातारे म्हणाले, “कागदाचं न्हाय वो. उद्या तो मानूस येऊन दारात उभा ऱ्हायला, तर आमी त्याला काय सांगायचं?”

रागाने नाही बोलले. मलाच विचारत होते.

पाच वर्षांत कुणी हे माझ्यासमोर बोललं नव्हतं — ते आले तर. सगळे टाळतात. चहा तसाच ठेवून गेले. फोन येणार नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आणखी दोघे येऊन गेले. दोघांनाही तेच सांगितलं. दोघेही विचार करून सांगणार.

दीपेश आज चप्पल न काढता दारातच उभा राहिला. म्हणाला, बाई, रागावू नका, पण वारले म्हणून सांगा. लोक आधीच घाबरून आहेत, त्यांना नाही म्हणायला कारणच हवं असतं. तो गेला.

सुनं घर दाखवायचं, सुनं घर बंद करायचं. हेच काम झालंय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

यांचं कपाट. सदरे, लुंग्या, कानटोपी. घड्या घातल्या.

त्या दिवशी निळा चौकडीचा शर्ट होता अंगात. पोलिसांना मी तो बरोबर सांगितला. बाकीचंही सांगितलं — मी आंघोळीला गेले होते, बाहेर येऊन बघते तर दार उघडं. मग तेच दिनाला सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, जो विचारेल त्याला सांगितलं. कल्याण, ठाणे, सगळी हॉस्पिटलं पाहिली. अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवरही दोनदा जाऊन आलो, गुडघे दुखायचे तेव्हा तिथे न्यायचे मी त्यांना. कुणी पाहिलं नव्हतं.

कपडे कुणाला द्यायचे ते ठरेना. परत कपाटात ठेवले.

रविवार, ३० नोव्हेंबर

भाविक आणि वैशाली. तो काल्हेरच्या गोदामात सुपरवायझर. तिला सातवा महिना. जिने चढून दमली होती, तिला आधी पाणी दिलं. तिला गॅलरी आवडली. खाली रिक्षा स्टँड दिसतो, किती बरं, म्हणाली.

मग भिंतीवरच्या आमच्या दोघांच्या फोटोकडे बघून तिने विचारलं, “काका?”

“गेले,” मी म्हणाले. एवढंच.

तिने हात जोडले. कधी, म्हणाली. फेब्रुवारीत. कुठल्या, ते तिने विचारलं नाही. दीपेश खिडकीबाहेर बघत होता.

खोटं बोलले का? गेलेच की. दारातून गेले.

संध्याकाळी दीपेशचा फोन. त्यांचं ठरलंय म्हणाला. आवाजात आनंद होता. मला काही वाटलं नाही. नळ बंद केला.

मंगळवार, २ डिसेंबर

दोन दिवस वैशालीचे जोडलेले हात डोळ्यांसमोर. तिचा नंबर होता, लावला. सांगितलं सगळं — वारले नाहीत, हरवलेत. घर नको म्हणालात तरी माझा राग नाही.

ती घरात भाविकशी काहीतरी बोलली. मी थांबले. मग फोनवर आली.

“ते आले तर तुम्हाला फोन करू ना, मावशी? नाशिकचा नंबर लिहून द्या. दाराच्या आत लावून ठेवते.”

बरं म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच खाली बसून राहिले. उठायचं सुचलं नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

या वर्षी चैत्यभूमीला गेले नाही. बाबासाहेबांच्या फोटोपुढे घरीच मेणबत्ती लावली.

बुधवार, १० डिसेंबर

सकाळी दिना आली. उद्या अकरा वाजता करारावर सह्या. दिवसभर बांधाबांध. यांचे कपडे तिने न विचारताच एका पेटीत भरले आणि पेटीवर लिहिलं — बाबा. मग गॅलरीतली वाळत घालायची दोरी सोडायला आम्ही दोघी गेलो. तिने एक टोक धरलं, मी दुसरं सोडत होते. आणि तोंडातून निघून गेलं.

“दिना, मी आंघोळीला गेले नव्हते. इथे उभी होते. कपडे घालत होते वाळत. ते खाली दिसले मला. नाक्याकडे चालले होते. मी पाहिलं, आणि हाक मारली नाही.”

मग बाकीचंही सांगितलं. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. सकाळी त्यांनी मला ढकललं होतं — कोण बाई तू, माझ्या घरात काय करतेस. वाटलं, जातील कोपऱ्यापर्यंत, फिरतील आणि येतील. तेवढा वेळ घर शांत राहू दे. मी खुर्चीवर बसले. डोळा लागला. उठले तेव्हा उशीर झाला होता.

रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगून झालं.

दिनाने दोरीचं टोक कठड्यावर ठेवलं, चप्पल घातली, खाली गेली. तास झाला. फोन इथेच ठेवून गेलेली. मी गॅलरीतून हलले नाही. शेवटी रिक्षांच्या पलीकडे दिसली, गर्दीत, पाठमोरी. मी हाक मारली. एवढ्या जोरात मी वर्गातही कधी ओरडले नसेन. रिक्षावाले वर बघायला लागले. ती थांबली. वळली. वर आली, आणि आतल्या खोलीत जाऊन झोपली.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळी चहा पुढ्यात घेऊन दिना म्हणाली, “आई, त्या दिवशी तू फोनवर होतीस. माझ्याशी.”

मला आठवेना. शर्ट आठवतो, ऊन आठवतं, ओल्या चादरीचं पाणी पायावर गळत होतं ते आठवतं. हातातला फोन आठवत नाही.

“तू म्हणालीस, अगं हे खाली चाललेत. तू थकली होतीस. मीच म्हटलं, जाऊ दे आई, येतील. तू जरा बस.”

तिचा कप बाजूला ठेवला. तिचे हात हातात घेतले, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मी रडले. तीही. दीपेशचा फोन वाजत राहिला. अकरा केव्हाच वाजून गेले होते.